कोळशाचा विस्तव आणि जवळची माणसं



थंडी पडली की आपल्या भिवंडीत शनिवारी संध्याकाळी कोणाच्या ना कोणाच्या गच्चीवर शेगडी पेटते. मसाला लावून ठेवलेली कोंबडी, दोन-चार बांगडे, पोरांसाठी मक्याची कणसं. जवळची तीन-चार कुटुंबं जमतात. एरवी स्वयंपाकघराकडे न फिरकणारे पुरुषही पुठ्ठ्याने वारा घालायला पुढे सरसावतात. हा आनंद देवासमोर आणायला आपण उगीच लाजतो. मेजवानीचा विषय निघाला की वाटते, आता उपवासाचा उपदेश होणार!

योहानकृत शुभवर्तमानाचा २१ वा अध्याय काढून पाहा. पुनरुत्थित प्रभूने तिबिर्या सरोवराच्या काठी शिष्यांसाठी कोळशाच्या विस्तवावर मासळी भाजत ठेवली होती, सोबत भाकरही होती. पाहुणे सातच, सगळे जवळचे, रात्रभर जाळे टाकून थकलेले. न्याहारी तयार होती, तरी त्याने त्यांना त्यांच्या जाळ्यातली थोडी मासळी आणायला सांगितली. जाळ्यात १५३ मोठे मासे होते. यजमानाने पाहुण्यालाही हातभार लावू द्यावा. कोणी घरून डबाभर कोशिंबीर आणली, तर ‘कशाला आणलीत?’ म्हणून ती कोपऱ्यात ठेवू नये.

या विस्तवासाठी योहानाने वापरलेला ग्रीक शब्द सबंध नव्या करारात दोनच ठिकाणी येतो. एक इथे. दुसरा १८ व्या अध्यायात, प्रमुख याजकाच्या अंगणात, जिथे थंडीत शेकत उभ्या असलेल्या पेत्राने प्रभूला नाकारले. तोच धूर, तोच वास. पेत्राच्या पोटात कालवले असेल! पण प्रभूने आधी जेवू घातले. प्रश्न विचारले ते न्याहारीनंतर, आणि तेही प्रेमाविषयीचे.

आपण मात्र यादी करतानाच नावे गाळतो. ज्याने उसने पैसे थकवले, जो बाप्तिस्म्याला आला नाही, जागेच्या वादात जो दुसऱ्या बाजूने बोलला. मग ‘जवळचे मित्र’ म्हणजे ज्यांच्याशी सध्या पटते, एवढेच लोक उरतात.

लूकच्या १४ व्या अध्यायात प्रभू मित्रांना आणि भाऊबंदांना जेवायला बोलावू नका, असे सांगतो. तेही उलट बोलावून परतफेड करतील, हे त्याचे कारण. त्याला खटकतो तो हा हिशेब. आपल्या गावात यंत्रमागावर आणि गोदामात राबणारे, घरापासून दूर, रोज खाणावळीत जेवणारे किती जण आहेत! त्यांतला एक जण आपल्या गच्चीवर सहज मावेल. मुस्लिम मित्र येणार असेल, तर मटण त्याच्या ओळखीच्या दुकानातून आणावे आणि डुकराचे मांस दुसऱ्या दिवसासाठी ठेवावे.

आणि हो, गच्चीवर कपडे वाळत घातलेल्या शेजारणीला आधी सांगा. थंडी वाजली म्हणून पेटती शेगडी बंद खोलीत नेऊ नका, कोळशाच्या वायूने जीव जातो. निखारे पाणी टाकून पुरते विझवा. सकाळी मिस्सा आहे.