धडधडते काळीज आणि नाम



कात्रज मुक्कामी सप्ताहातील सेवा आटोपून आम्ही पाणी घेत बसलो होतो. एक वयस्क माळकरी जवळ आले आणि हळूच म्हणाले, "महाराज, रात्री आडवं पडलं की काळीज फडफडतं. मध्येच ठोका चुकल्यासारखा होतो, मग धाडकन एक मोठा बसतो. डॉक्टरांनी ईसीजी काढला, चोवीस तासांचं यंत्र छातीला लावून पाहिलं. म्हणाले, भिण्याजोगं काही नाही. तरी भीती जात नाही. तोंडात नाम आणि बोटं मनगटावर! गळ्यात माळ घालून असं भ्यायचं, म्हणजे आमची भक्ती खोटीच ना?"

आम्ही काय उत्तर द्यावे? गेली तीन वर्षे हाच प्रश्न आम्ही स्वतःस विचारीत आहोत. लोकांपुढे निर्भयतेवर निरूपण करावे आणि घरी येऊन अंधारात नाडी मोजावी, ही आमची स्थिती. लाजेने आम्ही ती कोणास सांगितली नव्हती.

याच कात्रजला इ. स. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी तलाव बांधविला आणि जमिनीखालच्या नळाने पाणी पुण्यात नेले. त्या नळास वाटेत उच्छ्वास ठेविले आहेत. कोंडलेली हवा तेथून निघून जाते. मनुष्याच्या मनासही असा उच्छ्वास लागतो. आम्ही धीर करून आमच्या मृदंगी बुवांना सांगितले, तेव्हा ते हसून म्हणाले, "अहो, मलाही होतं! ठेका चुकला म्हणून आपण भजन थांबवतो का? पुढच्या समेला गाठायचं." एवढ्याने अर्धे ओझे उतरले.

आता मूळ प्रश्न. भय वाटणे हा भक्तीतला उणेपणा आहे काय? गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाची दशा पाहा. गात्रे गळाली, तोंड कोरडे पडले, अंग कापू लागले, हातचे गांडीव निसटू लागले. त्याला शोक होता, आपणांस भय आहे. पण शरीराची भाषा एकच. दुसऱ्या अध्यायात भगवंत त्याच्या अवस्थेस 'हृदयदौर्बल्य' म्हणतात. हा शब्द आम्ही फार दिवस स्वतःस टोचून घेतला. पुढे विचार करता उमगले, की देवाने त्याला अंग कापते म्हणून दूर लोटले नाही. उलट त्या कापणाऱ्या माणसालाच सबंध गीता सांगितली. काळीज धडधडणे हे दौर्बल्य नव्हे; त्यापायी हातचे कर्तव्य खाली ठेवणे, हे दौर्बल्य.

ज्ञानदेवांनी इ. स. १२९६ मध्ये समाधी घेतली, तेव्हाचा संतांचा आक्रोश नामदेवरायांनी अभंगांतून वर्णिला आहे. ते रडले म्हणून त्यांची भक्ती उणी झाली, असे कोण म्हणेल?

मात्र देहाचे जे देहाला द्यावे. धडधडीबरोबर चक्कर येऊन शुद्ध हरपली, छातीत दुखले, दम लागला, तर नामावर भार टाकून घरी बसू नये. तत्काळ दवाखाना गाठावा. रक्त कमी असणे, गळ्यातील थायरॉईड ग्रंथीचा विकार, अशीही कारणे असतात. ती तपासूनच कळतात. चालू औषध आपल्या मनाने सोडू नये. जागरण, तंबाखू आणि चहा यांनीही कित्येकांचे काळीज उडते. जागराच्या रात्री आम्हीच पाच-पाच कप चहा घेत होतो, मग दोष कोणाला द्यावा?

तपासणी निर्वेध झाली, तरी भय उरते. का? कारण आम्हांस 'आज रात्री काही होणार नाही' अशी हमी हवी असते. ती वैद्य देऊ शकत नाही. मग आम्ही ती देवाकडे मागतो: इतक्या माळा घे आणि तेवढे ठोके सुरळीत ठेव. हा व्यापार झाला. वारीच्या वाटेवर कोणी वारकरी देह ठेवतो. त्याला विठ्ठलाने फसविले काय? नाम ही हमी नव्हे, ती संगत आहे.

भीतीने शरीरात अॅड्रेनॅलिन सुटते, त्याने काळीज अधिक धावते, ते पाहून भीती वाढते. नाडी मोजणारे बोट म्हणजे या आगीत तेल. मिनिटास सत्तर ठोके धरले, तरी दिवसाचे एक लाखावर होतात. साठ वर्षे हे काम आमच्या हिशेबावाचून, झोपेतही, चालत आले. आता वहीखाते घेऊन बसणारे आम्ही कोण?

त्या माळकऱ्यांना आम्ही इतकेच सांगितले: "माउली, फडफड झाली की बोट मनगटावरून काढा, सावकाश श्वास सोडा, नाम घ्या. पण थांबली का हे पाहण्यासाठी नाम घेऊ नका. धडधडत असेल तर धडधडत्या काळजाने घ्या." मन आवरण्यास सहाव्या अध्यायात देवाने अभ्यास आणि वैराग्य ही दोन साधने सांगितली आहेत. बोट काढणे हा अभ्यास. हमी न मागणे हे वैराग्य. हा अभ्यास आमचाही अजून चालूच आहे. कित्येक रात्री बोट पुन्हा मनगटाकडे जाते.

ईश्वर सर्व भूतांच्या हृदयात राहतो, असे आपण नित्य म्हणतो. ते घर कधीमधी हलले, तरी घरधनी सोडून जात नाही, एवढा भरवसा माउली आपणां सर्वांस देवो, हीच तिच्या चरणी प्रार्थना.