दान कोणाचें?

मध्यंतरीं आमच्या कॉलेजांतील चार विद्यार्थी पावती-पुस्तकें घेऊन माझ्या घरीं आले. परदेशांतील गरीब मुलांच्या शिक्षणासाठीं ते निधि जमवीत होते. मीं वर्गणी दिली व सहज विचारलें, "तुम्हीं स्वतः किती घातले?" चौघेही एकमेकांकडे पाहूं लागले. अखेर एक जण म्हणाला, "सर, आमचें असें आहे काय? दिले तरी ते वडिलांचेच." उत्तर प्रामाणिक होतें, म्हणूनच तें मनांत घोळत राहिलें. ज्याच्याजवळ स्वतःचें कांहींच नाहीं, त्याला दान करतां येतें काय?

या प्रश्नाला नॉर्वेंतील शाळकरी मुलांनीं कृतीनें उत्तर दिलें आहे. १९६४ पासून तेथें 'ऑपरेशन डाग्सवेर्क' हा उपक्रम चालत आला आहे. 'डाग्सवेर्क' म्हणजे एका दिवसाचें काम. पानगळीच्या दिवसांत एक दिवस शाळा बाजूस ठेवून मुलें कोणाच्या दुकानांत, कोणाच्या अंगणांत राबतात आणि ती मजुरी परदेशांतील तरुणांच्या शिक्षणासाठीं देतात. ती कोणत्या कार्यास द्यावी, हें विद्यार्थ्यांचे प्रतिनिधीच मतानें ठरवितात. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या 'कमवा आणि शिका' योजनेंत विद्यार्थी स्वतःच्या शिक्षणासाठीं घाम गाळीत. येथें तोच घाम कधीं न पाहिलेल्या मुलासाठीं गाळला जातो.

कोणी म्हणेल, दाराशीं निरक्षर मुलें असतां परमुलखाची उठाठेव कशाला? आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. दारचें मूल आपण ओळखतों. दूरचें मूल मात्र पुष्कळदां केवळ एक रडवें चित्र होऊन बसतें, आणि चित्रावर केलेली दया दात्याचा अहंकारच पोसते. या रोगावर श्रमासारखें औषध नाहीं. दिवसभर राबून हातांत किती थोडें पडतें, हें ज्यानें अनुभविलें, त्याला दातृत्वाचा ताठा चढणें कठीण. शाळेऐवजीं ज्याला नित्य कामावर जावें लागतें, त्या मुलाचें जिणें कसें असेल, याची पुसट कां होईना, पण खरी कल्पना त्याला येते. अर्थात् एका दिवसाची हौस आणि रोजची सक्ती एक नव्हेत. परंतु तो फरक कळणें हेंही शिक्षणच होय.

ही हकीकत मीं त्या चौघांना सांगितली. पुढच्या रविवारीं त्यांतला एक जण परत आला व माझ्या पुस्तकांची कपाटें झाडून लावून देण्याची मजुरी काय द्याल, असें विचारूं लागला. संध्याकाळपर्यंत त्यानें नेटानें काम केलें. अधिक द्यावे असें मनांत येऊनही मीं बाजारभावानें होत होते तेवढेच पैसे त्याच्या हातावर ठेवले. कारण वरचा एक रुपयाही माझें दान झाला असता, त्याचें नव्हे.