उसन्या चित्रांतली गोष्ट

मुले व्हिडिओ गेममध्ये वेळ घालवतात, ही आपली नेहमीची तक्रार. त्याच गेममधून मुलांना गोष्ट रचायला शिकवणारे शिक्षकही आता आहेत. माणसे, घरे, रस्ते सारे कंपनीने बनवलेले. मग त्यात मुलाचे स्वतःचे काय, असा प्रश्न आम्हालाही पडला.

ऑक्टोबर २००५ मध्ये पॅरिसजवळ क्लिशी-सू-ब्वा येथे पोलिसांना चुकवण्यासाठी विजेच्या उपकेंद्रात लपलेली १५ आणि १७ वर्षांची दोन मुले धक्का बसून मरण पावली. फ्रान्सभर दंगली उसळल्या. तेव्हा अ‍ॅलेक्स चॅन या तरुणाने ‘द मूव्हीज’ या गेममधून त्यावर १३ मिनिटांचा चित्रपट केला. गेममध्ये पॅरिस नव्हतेच. त्याने अमेरिकन धाटणीच्या देखाव्यांवर भागवले. तरी गोष्ट त्याचीच, कारण ती सांगायची तळमळ त्याची होती. (खडू आणि फळा तरी कुठे आपल्या मालकीचे असतात?)

आम्हाला काळजी वाटते ती वेगळीच. गेममध्ये मेलेला माणूस लगेच उठून धावू लागतो. मुलाने आपली गोष्ट दाखवली की चित्रांचे कौतुक आपण करतोच. त्यात कुणी मेले असेल, तर त्याच्या घरी त्या रात्री काय झाले, हेही त्याला विचारू या. ते दृश्य गेममध्ये तयार मिळत नाही.