रिकाम्या गाडीचा धर्म

विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या चैत्रयात्रेस निघालेले भाविक आणि तलासरीकडे परतणारे श्रमिक जेथे उतरतात, ते डहाणू रोड १६ एप्रिल २०१३ पासून उपनगरी गाड्यांचेही अंतिम स्थानक झाले. गाडी त्याच फलाटावरून परतणार असेल तर मोटरमनने टोक बदलले की पुरते. परंतु ती बाजूच्या मार्गावर न्यावयाची असेल, तर उतारूंनी उतरलेच पाहिजे, कारण तिच्या मुक्कामी फलाट नसतो आणि तेथे दारातून उतरू पाहणारा मनुष्य खडीवर, कदाचित दुसऱ्या गाडीच्या वाटेत, पडतो.

‘जीव माझा, जोखीमही माझीच’ हा युक्तिवाद स्वातंत्र्याचा भासला तरी मला तो मान्य नाही. ज्याच्या हातून गाडी हलते, त्याच्या अंतःकरणावर आपल्या मृत्यूचा भार त्याच्या संमतीवाचून लादण्याचा अखत्यार आपणांस कोणी दिला? रेल्वे कायद्याचे १४७ वे कलम, निघून जाण्यास नकार देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद सांगते खरे, परंतु शिक्षेच्या भयाने उतरणाऱ्यास त्या अनोळखी माणसाची आठवणही होत नाही. निद्रिस्त वा वृद्ध उतारूच्या बाबतीत तर हे कर्तव्य त्याच्या एकट्याचे राहतच नाही. ते शेजारच्या बाकावरून उठणाऱ्याकडे येते.