दारू सोडणाऱ्यास सोबत कोण?

दारू वाईट आहे, हें आमच्या मंडळ्यांतील लहान मुलासही ठाऊक आहे. ती सोडावी, असें सांगणारेही पुष्कळ आहेत. आम्हीही त्यांपैकींच आहों. परंतु ज्यानें ती आज सकाळीं सोडली, त्यानें आज संध्याकाळीं कोठें बसावें, हें सांगणारे फार थोडे. वाचकहो, ह्या दुसऱ्या गोष्टीकडे आज आपलें लक्ष वेधावें अशी आमची इच्छा आहे. कारण ह्या बाबतींत आमच्या हातून चूक घडली आहे, आणि ती चूक आमच्या एकट्याचीच असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

कळमनुरी तालुक्यांतील एका खेड्यांत आमच्या मंडळीचा एक बंधु राहतो. त्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. हळद काढण्याच्या व शिजविण्याच्या दिवसांत त्यास चांगली मजुरी मिळे, आणि ती बाजाराच्या दिवशीं गुत्त्यांत जाई. आम्ही दोन वडिलांस बरोबर घेऊन त्याच्या घरीं गेलों. एकदां समजाविलें, दुसऱ्यांदा ताकीद दिली, आणि तिसऱ्यांदा त्यास प्रभुभोजनापासून दूर ठेविलें. पुढें त्यानें आपण होऊन दारू सोडली. अठरा दिवस त्यानें थेंबही घेतला नाहीं. त्या दिवसांत तो एकदां आमच्याकडे आला व म्हणाला, “पाळकसाहेब, सकाळ कामांत जाते, दुपार कामांत जाते, पण दिवेलागण झाली म्हणजे जावें कोठें, तें कळत नाहीं.” आम्हीं उत्तर दिलें, “प्रार्थना करीत जा.” उत्तर खोटें नव्हतें, पण तें देऊन आम्ही जेवावयास गेलों, आणि तो एकटा आपल्या ओट्यावर जाऊन बसला. एकोणिसाव्या दिवशीं तो पुनः गुत्त्यांत दिसला.

ह्यानंतर त्याच्या शेजारच्या एका माळकरी गृहस्थानें त्यास मारुतीच्या देवळांत हरिपाठास येऊन बसण्यास सांगितलें. त्या गृहस्थानें त्यास ना शपथ घातली, ना मागचें कांहीं विचारलें. दिवेलागण झाली कीं तो त्याच्या दारावरून हांक मारी, इतकेंच. ह्या गोष्टीस आज चार वर्षें झालीं. आमचा बंधु पीत नाहीं. आदितवारीं तो उपासनेस येतो व अगदीं मागच्या रांगेंत बसतो. संध्याकाळीं मात्र देवळांत जातो. तेथील उपदेशकानें आम्हांस पत्र लिहून विचारलें आहे कीं, ह्या मनुष्याचें काय करावें?

उत्तर देण्यापूर्वीं एका मूळ प्रश्नाचा विचार केला पाहिजे. पुष्कळ सज्जनांचें असें मत आहे कीं, जो दुसऱ्याच्या आधारानें शुद्धीवर राहतो त्याची शुद्धी खरी नव्हे. आधार सुटला कीं तो पडेल. खरा पुरुष तोच, जो एकटा उभा राहतो. हें मत ऐकावयास भारदस्त आहे, पण अनुभवास उतरत नाहीं. एकट्यानें प्यावयास कोण शिकला? पहिला पेला कोणा मित्रानें किंवा सोयऱ्यानें, लग्नाच्या वरातींत किंवा मजुरीच्या वाटपाच्या वेळीं, पुढें केलेला असतो. दारू सोडणारा केवळ एक पेय सोडीत नाहीं. आपले सोबती, आपली बसण्याची जागा व आपल्या दिवसाचा शेवट, हीं सर्व तो एकदम सोडतो. जें संगतीनें बांधलें गेलें, तें एकटेपणानें कसें सुटावें? शेतकरी नव्या गोऱ्ह्यास जुन्या बैलाच्या जोडीस जुंपितो. तास सरळ निघालें, तर तें गोऱ्ह्याचें नव्हे असें कोणी म्हणत नाहीं. त्याच्याही मानेवर जूं असतेंच, ओढतो तोही. जुना बैल फक्त त्यास वाट सोडूं देत नाहीं. आधार घेणें म्हणजे आपलें ओझें दुसऱ्यावर टाकणें नव्हे.

हें तत्त्व जगांत नवें नाहीं. १८७७ सालीं स्वित्झर्लंडांतील जिनीव्हा शहरीं लुई-लुसियें रोशा नांवाच्या पाळकानें ‘ब्लू क्रॉस’, म्हणजे निळा क्रूस, ही संघटना स्थापिली. मद्यप्यानें तर दारू सोडावीच, पण जे कधींही मद्यासक्त नव्हते त्यांनींही त्याच्या सोबतीकरितां स्वतः मद्य वर्ज्य करावें, हें तिचें वर्म होय. पुढें १९३५ सालीं अमेरिकेंतील अ‍ॅक्रन शहरीं एक शेअरदलाल व एक डॉक्टर एकमेकांस भेटले. एकानें कांहीं महिन्यांपूर्वीं दारू सोडली होती, दुसऱ्याची सुटत नव्हती. एकमेकांशीं बोलत राहिल्यानें दोघेही शुद्धीवर राहिले. त्यांतून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही संस्था व तिच्या बारा पायऱ्या निघाल्या. त्या मार्गानें देशोदेशींचे पुष्कळ लोक वाचले आहेत, आणि आपल्याकडील मोठ्या शहरांतही त्याच्या सभा भरतात. ज्यास जातां येईल त्यानें अवश्य जावें. परंतु ज्याच्या गांवीं तशी सभा नाहीं, जो ऊसतोडीस महिनेच्या महिने बाहेर असतो, किंवा ज्याचें मन त्या पायऱ्यांत रमत नाहीं, त्यानें आपणांस तरणोपाय नाहीं असें समजूं नये. त्या पायऱ्यांच्या मुळाशीं जी सोबत आहे, ती अन्यत्रही मिळते.

आपल्या महाराष्ट्रांत पुण्यास २९ ऑगस्ट १९८६ रोजीं डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या साहाय्यानें, ‘मुक्तांगण’ हें व्यसनमुक्ति केंद्र सुरू केलें. तेथें औषधोपचार तर आहेतच. पण बरे झालेले लोकच नव्यानें आलेल्यांच्या सेवेंत उभे असतात, घरीं परतलेल्यांकरितां पाठपुराव्याच्या बैठका असतात, आणि व्यसनी पुरुषांच्या पत्नींकरितां ‘सहचरी’ नांवाचा निराळा गट आहे. गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ सालीं दारूबंदी झाली. तरीही २०१६ सालीं ‘मुक्तिपथ’ नांवाचें कार्य तेथें उभारावें लागलें, आणि त्यांत गांवोगांव संघटना व उपचाराचीं शिबिरें ठेवावीं लागलीं. कायदा दुकान बंद करितो. रिकामी संध्याकाळ भरून काढणें हें कायद्याचें काम नव्हे.

आतां आपल्याच परिसराकडे पाहूं. आमच्या हिंगोली जिल्ह्यांतील नरसी हें गांव परंपरेनें संत नामदेवांचें जन्मस्थान मानलें जातें, आणि ह्या भागांत माळकरी नाहीं असें गांव विरळा. ज्यानें तुळशीची माळ घातली त्यानें मद्य व मांस वर्ज्य करावयाचें, हा वारकऱ्यांचा नियम. त्यांची श्रद्धा आमची नव्हे. परंतु त्यांच्या सोबतीची रचना पाहण्याजोगी आहे. गळ्यांत माळ दिसली कीं पेल्याचा आग्रह करण्यास माणूस कचरतो. हरिपाठाची वेळ दिवेलागणीची, म्हणजे नेमकी गुत्त्याची. नवख्याच्याही हातीं टाळ दिला जातो, म्हणून तो केवळ श्रोता राहत नाहीं. आणि ज्यास कालपर्यंत सर्व गांव ‘दारूड्या’ म्हणे, त्यास तेथें ‘माउली’ म्हणून हांक मारितात व त्याच्या पायांस हात लावितात. आम्हीं त्यास काय दिलें? मागची रांग.

म्हणून उपदेशकास आमचें सांगणें असें आहे. श्रद्धेचा भेद लहान आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तसें म्हणणें दोन्ही बाजूंशीं अप्रामाणिकपणाचें होईल. देवळांत बसून आपण काय करितों, ह्याचा विचार त्या बंधूनें आपल्या विवेकाशीं करावा. त्यानें विचारल्यास आम्हीही मोकळेपणानें बोलूं. परंतु जखमी वाटसरूची गोष्ट आपणां सर्वांस पाठ आहे. याजक व लेवी बाजूनें निघून गेले. परक्या मनुष्यानें जखमा बांधिल्या. ती गोष्ट सांगतांना आम्ही स्वतःस नेहमीं शोमरोनी समजत आलों. ह्या खेड्यांत मात्र शोमरोनी दुसराच होता, आणि बाजूनें निघून गेलेले आम्ही होतों. जोंवर त्यास देण्याजोगी सोबत आमच्यापाशीं नाहीं, तोंवर त्यास मिळालेली सोबत काढून घेण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. बुडणाऱ्याच्या हातचा दोर कोणाचा, हें विचारण्यापूर्वीं आपण आपला दोर टाकला होता काय, हें विचारावें.

मग आम्हीं करावें काय? ज्या गांवीं आपलीं चार घरें आहेत, तेथें एका घरीं रोज दिवेलागणीस बैठक असावी. एक भजन, थोडी विचारपूस व चहा, इतकें पुरे. तींत बसणाऱ्यांनीं लग्नकार्यांतही पेल्यास हात लावूं नये. नव्यानें आलेल्यास काम द्यावें : सतरंजी अंथरणें, झांज वाजविणें, दुसऱ्यास हांक मारावयास जाणें. त्याच्या बायकोनें वर्षानुवर्षें उपास व मार सोसलेला असतो; तिच्याकरितां बायकांची निराळी बैठक असावी, आणि नवरा पितो ही तिची चूक, असें तिला कोणीं म्हणूं नये. जो पुष्कळ वर्षें रोज पीत आला आहे, त्यानें दारू एकदम सोडल्यास पहिल्या कांहीं दिवसांतच थरकांप, भ्रम व झटके येऊन जीवही जाऊं शकतो. त्यास आधीं सरकारी दवाखान्यांत न्यावें. आणि कोणी पडला, तर शिक्षेचा विचार मागून. दुसऱ्या दिवशीं दिवेलागणीस त्याच्या दारावरची हांक मात्र चुकूं नये.

गेल्या महिन्यांत आम्ही संध्याकाळीं त्या बंधूच्या घरीं गेलों, त्याच्या ओट्यावर बसलों, आणि चार वर्षांपूर्वीं त्यास एकटें सोडल्याबद्दल क्षमा मागितली. तो म्हणाला, “बसा, अजून वेळ आहे.” थोड्या वेळानें शेजाऱ्याची हांक आली व तो उठला. आम्हीं त्यास थांबविलें नाहीं.

वाचकहो, आपल्याही गांवीं असा एखादा बंधु आज दारू सोडून ओट्यावर एकटा बसला असेल. त्याच्या दारावर हांक कोणीं मारावी, हें आपल्या मंडळीनें ह्याच आठवड्यांत ठरवावें.