तिकीट नसलेले गाणे

दिवाळी झाली, धान हाती आले की आरमोरीच्या आसपास मंडया, म्हणजे गावजत्रा, भरू लागतात. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. जवळच्या वडशात झाडीपट्टी रंगभूमीच्या नाट्यमंडळांची कार्यालये आहेत. होळीपर्यंतचे प्रयोग तिथे ठरतात आणि रात्रभर बसणारा प्रेक्षक तिकीट काढूनच बसतो. गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीचे नाव दिल्लीपर्यंत गेले. तिला जगवणारे लोक गावातच आहेत, म्हणून तिची मला काळजी वाटत नाही.

काळजी वाटते ती मुलांच्या गाण्याची. गळा आणि कान ज्या वयात घडतात, त्या वयात पोरांना एकत्र बसवून गायला शिकवणे हे कोणाचे काम? त्याला तिकीट लागत नाही. शाळेत संगीताचा वेगळा शिक्षक क्वचितच असतो. झाडीपट्टीत हे काम वर्षानुवर्षे करत आला आहे तो गुरुदेव सेवा मंडळाचा एखादा सेवक. दिवसभर शेती किंवा नोकरी, आणि सांजेला सतरंजी अंथरून सामुदायिक प्रार्थना.

हे मंडळ स्थापणाऱ्या तुकडोजी महाराजांनी या मुलखात खंजिरी वाजवत लोकांना गायला लावले. त्यांच्या तरुणपणीची साधना चिमूरकडच्या जंगलातली, आणि १९४२ मध्ये चिमूरच्या उठावानंतर त्यांना अटक झाली तीही चंद्रपुरात. एकत्र गाणारा गाव एकत्र उभाही राहू शकतो, हे इंग्रज सरकारने तेव्हा ओळखले होते. त्यांच्या प्रार्थनेत कोणा एका पंथाचा आग्रह नाही. म्हणून ती सगळ्या घरांतल्या मुलांची होऊ शकते.

शिकवण्याची रीत साधी आहे. एकाने ओळ सांगायची, बाकीच्यांनी उचलायची. पण ती ओळ उचलताना मुलाला शेजाऱ्याचा श्वास ऐकावा लागतो, आपला आवाज आवरावा लागतो, खंजिरीच्या ठेक्यावर थांबावे लागते. ज्याचा सूर कच्चा आहे तोही इतरांच्या आधाराने हळूहळू सुरात येतो. दूरचित्रवाणीवरच्या गायनस्पर्धा एका मुलाला निवडतात आणि बाकीच्यांना घरी पाठवतात. तिथे तयार होतो तो गायक; गाणारा समाज घडवायचा तर कच्च्या सुराच्या मुलालाही जागा ठेवावी लागते.

राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकानेही गाणे समाज घडवण्यासाठीच वापरले. त्यातले शाहीर लीलाधर हेगडे पुढे सांताक्रूझच्या साने गुरुजी आरोग्य मंदिराच्या कामात आयुष्यभर राहिले. गाणे आणि लोकसेवा त्यांच्यासाठी वेगळ्या गोष्टी नव्हत्या. मात्र अशा माणसांच्या पाठीशी एक संघटना होती. खेड्यातला सेवक बहुधा एकटा असतो. पेटीचा भाता फाटला तर दुरुस्ती त्याच्याच खिशातून.

आपण त्याला शाल-श्रीफळ देतो आणि मोकळे होतो. ते त्याच्या कामाचे मोल नव्हे. ग्रामपंचायतीने सांजेपुरती एक खोली दिली, पेटी-तबल्याच्या देखभालीची तरतूद केली, शाळेने आठवड्यातला एक तास त्याच्या हाती सोपवला, तर बरेच साधेल. सर्वांत निकडीचे म्हणजे त्याच्या हयातीतच दोन तरुण, त्यात एक मुलगी, त्याच्या शेजारी बसवून तयार करणे. झाडीपट्टीची नाट्यमंडळे होळीनंतर मोकळी होतात. त्यांच्याकडे पेटीवाले आहेत, तबलजी आहेत. उन्हाळ्याच्या सुटीत त्यांनी पंधरा दिवस गावातल्या पोरांना दिले, तर त्यांचा उद्याचा गायकही तिथेच सापडेल.