पन्नास रुपयांची दया

दया ही मोठी सोयीची वस्तू आहे. ती दुसऱ्याने करायची असली की आमच्याजवळ भरपूर असते.

गेल्या मार्चअखेरीस धाराशिवहून येडशीकडे स्कूटरने निघालो होतो. दुपारचा दीड वाजलेला, ऊन मी म्हणत होते. एका चढावर उसाची बैलगाडी अडली होती. एक बैल गुडघ्यांवर आला होता, जुवाखालचा खांदा सोलून निघाला होता, आणि गाडीवान त्याला आर लावलेली पराणी टोचीत होता.

प्रत्येक निवृत्त कारकुनात एक कायदेपंडित झोपलेला असतो. माझा खडबडून जागा झाला.

“अहो मामा, 1965 चा नियम आहे! पारा 37 अंशांच्या वर गेला की बारा ते तीन बैल जुंपायचा नाही. दिवसाला नऊ तासांच्या वर काम नाही. आर तर चालतच नाही!”

बोलता बोलता वाटले, एवढ्या सवलती आमच्या साहेबाने आम्हाला कधी दिल्या नव्हत्या.

गाडीवानाने शांतपणे विचारले, “दंड किती, सायेब?”

इथे माझी पंचाईत झाली. मूळ कायदा 1960 चा. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. तेव्हा ती रक्कम होती. आज दोघांचा चहा आणि भजी. 2022 मध्ये केंद्राने दंड वाढवण्याचा मसुदा काढला. पण मसुदेही बैलासारखेच, चढावर बसतात. 2023 मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचा धाराशिव झाला, पन्नासाचे एक्कावन्न काही झाले नाहीत.

“पन्नास,” मी पुटपुटलो.

“भरतो की. पर भाडं टनावर मिळतंय. उचल फिटायची हाय. गाडी हलकी भरली तर मुकादम कुणाला धरंल, बैलाला?”

मला उत्तर सुचले नाही. मग दोघांनी मिळून थोड्या मोळ्या उतरवल्या, बैलाला पाणी पाजले. तो उठला. मोळ्या रस्त्याकडेलाच राहिल्या. त्यांचे पैसे कोणाचे गेले, हे सांगायला नको.

पन्नास रुपये ही शिक्षा नव्हे, तो छळाचा परवाना आहे. दंड वाढलाच पाहिजे. पण तो नुसत्या पराणी धरणाऱ्या हातापाशी थांबला, तर उद्या त्याची उचल तेवढी वाढेल आणि बैल आणखी एक खेप ओढील. ज्याच्या हिशेबात टन बसतात, त्याच्यापर्यंत कायदा पोचायला हवा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही बैलाचे खांदे तुपाने मळतो. उरलेल्या वर्षात त्याच खांद्यावर काय असते, ते विचारीत नाही.

घरी आलो. हिने चहा पुढे केला. “साखर बरोबर आहे ना?”

दोन चमचे होती. बरोबर होती. मी मात्र बराच वेळ नुसताच ढवळत बसलो.